कमी बजेटची मराठी फिल्म तयार आहे, आता रिलीजचा रस्ता कसा शोधायचा?

एडिट लॉक झालं, डीआय (रंगांचं शेवटचं काम) झालं, साऊंडवाल्याचं शेवटचं बिल तेवढं बाकी आहे आणि घरचे, मित्र, क्रू सगळे एकच विचारतायत, रिलीज कधी? मग निर्माता घाईघाईने डिस्ट्रिब्युटरला फोन लावतो. माझं म्हणणं, तो फोन सगळ्यात शेवटी लावा. ज्यांच्याकडे स्टार नाही, मागे स्टुडिओ नाही, ज्यांनी साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घालून फिल्म केलीये त्यांच्यासाठी रिलीज म्हणजे एक शुक्रवार नसतो. दीड-दोन वर्षं चालणारं काम असतं ते, आणि त्यात कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर यावरच बहुतेक सगळं ठरतं. आधी प्रेक्षक शोधायचा, मग त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता, आणि हक्क द्यायचे ते तुकड्यातुकड्याने, एकाच सहीत सगळे कधीच नाही. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच्याभोवती आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक फिल्म धरू. बजेट ७० लाख, गोष्ट बीडच्या एका ऊसतोड कामगाराच्या मुलीची, जी शाळा सोडून आईबापाबरोबर सांगली-कोल्हापूरच्या फडावर जाते. नवे चेहरे, दोन गाणी, लांबी १०५ मिनिटं.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण फिल्म अडकते ती इथेच. लेखकाचा करार, दिग्दर्शकाचा करार, प्रत्येक कलाकाराचं संमतीपत्र, संगीतकार आणि गीतकार यांचे करार, लोकेशनची परवानगी, आणि मित्राने पैसे घातले असतील तर त्याचा वाटा नक्की कशात आहे (नफ्यात, हक्कांत की फक्त परतफेडीत) हे सगळं सहीसकट एका फाईलमध्ये पाहिजे. ओटीटी असो, चॅनल असो, परदेशी सेल्स एजंट असो, पहिल्यांदा हेच मागतात आणि त्यात एक कागद कमी असला की बोलणी थांबते.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ प्रत्येक निर्मात्याने एकदा तरी शांतपणे वाचावं. हक्क हस्तांतर लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो, आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर, ते संपतात. आता गंमत बघा, हे कलम तुमच्या बाजूनेही आहे आणि तुमच्यावरही आहे. संगीतकाराने तुम्हाला दिलेल्या कागदावर मुदत नसेल तर ५ वर्षांनी तुमच्याच फिल्ममधल्या गाण्याचा हक्क तुमच्याकडे राहत नाही, आणि दुसरीकडे डिस्ट्रिब्युटर तुमच्याकडून लिहून घेताना हमखास एक ओळ टाकतो की न वापरल्यामुळे हक्क संपणार नाहीत. ती ओळ शोधा आणि काढायला लावा.

अजून एक, बॅकग्राऊंडला वाजणारी गाणी. आपल्या फिल्ममध्ये उसाच्या ट्रॅक्टरवर स्पीकर लावलेला आहे आणि त्यावर एक जुनं गाजलेलं गाणं १५ सेकंद वाजतंय, सीन छान आहे, दिग्दर्शकाचा जीव आहे त्यात. पण त्या गाण्याचा सिंक हक्क (गाणं दृश्याला जोडायचा हक्क) आणि रेकॉर्डिंगचा हक्क दोन्ही घ्यावे लागतात आणि त्याचा भाव आपल्या बजेटला झेपणारा नसतो. मिक्सिंगच्या आधीच निर्णय घ्या, स्वतःचं गाणं बनवून तिथे टाका. मिक्स झाल्यावर ते काढायचं म्हणजे डायलॉगसकट सगळा ट्रॅक परत उघडावा लागतो.

आणि बैल! ऊसतोडीची फिल्म म्हणजे बैलगाडी आलीच. प्राण्यांसोबत शूट करायच्या आधी अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी आणि नंतर त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय सेन्सॉरची फाईल पुढे सरकत नाही. बोर्डाचं ऑफिस आता हरियाणात बल्लभगढला आहे. ज्यांचं शूट अजून व्हायचंय त्यांनी हे आजच करा.

डिलिव्हरीचं सामान

थोडक्यात सांगतो. थिएटरसाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल कॉपी), ओटीटी आणि चॅनलसाठी प्रोरेस मास्टर (उत्तम दर्जाची मूळ फाईल), ५.१ आणि स्टिरिओ दोन्ही मिक्स, डायलॉगशिवायचा संगीत आणि इफेक्टचा वेगळा ट्रॅक, इंग्रजी सबटायटलची फाईल, गाण्यांचा क्यू शीट (कुठलं गाणं कुठे आणि किती वेळ वाजतं त्याची यादी), डायलॉग लिस्ट, ट्रेलर, आणि शूटिंगचे चांगले स्टिल्स. स्टिल्सवर पैसे वाचवू नका, व्हिडिओतून काढलेली फ्रेम पोस्टरवर मोठी केली की फाटते. सबटायटल मात्र पोटच्या पोरासारखी सांभाळा, परदेशातल्या निवड समितीला तुमची भाषा तेवढ्यातूनच कळणार आहे, बीडची बोली आहे म्हणून ती सपाट इंग्रजीत उतरवून चालत नाही, त्यासाठी दोन्ही भाषांत मुरलेला माणूस शोधा आणि त्याला नीट मानधन द्या.

प्रेक्षकांची यादी, नावानिशी

"फॅमिली ऑडियन्स", "यूथ" असं काहीही लिहायचं नाही. कागद घ्यायचा आणि माणसं कुठे बसलीयेत ते लिहायचं. आपल्या फिल्मसाठी माझी यादी साधारण अशी होईल: पुणे-मुंबई-कोल्हापूर-नाशिकमधले फिल्म सोसायटीवाले आणि फेस्टिव्हलला जाणारे; समाजकार्य, ग्रामीण विकास, पत्रकारिता शिकवणारी कॉलेजेस; ऊसतोड कामगार, स्त्री आरोग्य, बालशिक्षण यांत काम करणाऱ्या संस्था आणि संघटना; शिक्षक; ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची शासकीय वसतिगृहं; साखर पट्ट्यातली गावं; स्वतः ऊसतोड कुटुंबं; परदेशातली महाराष्ट्र मंडळं.

आता प्रत्येक गटासमोर तीन गोष्टी लिहा. ते तिकीट काढून थिएटरला येतील का, की त्यांच्याकडे फिल्म घेऊन जावी लागेल? वर्षातल्या कुठल्या महिन्यात ते मोकळे असतात? आणि पैसे देणारा आणि बघणारा एकच आहे की वेगळा?

हे तिसरं फार महत्त्वाचं. वसतिगृहातली मुलगी तिकीट काढणार नाही, पण एखादी संस्था शोचे पैसे देऊ शकते. आणि महिन्याचं बघा, ऊसतोड कुटुंबं दसरा झाला की निघतात आणि गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तुम्ही डिसेंबरात बीडच्या तालुक्यांत शो लावलेत तर ज्यांच्यावर फिल्म आहे ते गावातच नसतात, त्या वेळी ते सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकच्या फडावर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) असतात. म्हणजे डिसेंबरात शो फडाजवळ, उन्हाळ्यात बीडमध्ये. कुठलाही डिस्ट्रिब्युटर तुम्हाला हे सांगणार नाही, हे तुम्हालाच ठाऊक असतं कारण फिल्म तुम्ही बनवलीये.

यादी करून झाली की बघा, थिएटरला स्वतःहून येणारे किती गट निघाले. आपल्या उदाहरणात आठपैकी पहिले दोन, फार तर तीन. हे बघितल्यावर २०० स्क्रीनचा विचार आपोआप मागे पडतो.

फेस्टिव्हल: पहिली खेळी कुठे

मोठ्या आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हलना वर्ल्ड प्रीमियर (जगातला पहिला शो), निदान इंटरनॅशनल प्रीमियर (देशाबाहेरचा पहिला शो) लागतो. म्हणून फिल्म कुठेही जाहीर दाखवायच्या आधी ठरवा की तिकडे प्रयत्न करायचा का. करायचा असेल तर घरगुती फेस्टिव्हल थोडे थांबवा, ऑनलाइन तर काहीच टाकू नका, आणि एक मुदत घालून घ्या, समजा ८ महिने. त्यात काही आलं तर उत्तम, नाही तर पुढे चला. वर्षानुवर्षं उत्तराची वाट बघत बसलेल्या फिल्म्स बघितल्या की वाईट वाटतं, विषय शिळा होतो आणि निर्माता व्याजाखाली दबतो.

फेस्टिव्हलने मराठी फिल्मला रस्ता मिळतो का? मिळतो. 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये, राष्ट्रीय पुरस्कार ताजा असतानाच, ती इथे थिएटरला लागली. 'स्थळ' २०२३ च्या सप्टेंबरात टोरांटोला होती, थिएटरला आली मार्च २०२५ मध्ये. 'साबर बोंडं' २०२५ च्या जानेवारीत सनडान्सला जिंकली आणि त्याच सप्टेंबरात भारतात रिलीज झाली. तिन्हींमधलं अंतर बघा, सात-आठ महिने ते दीड वर्ष. तेवढा काळ तग धरायचे पैसे बाजूला ठेवलेत का, हा खरा प्रश्न आहे.

फेस्टिव्हलची फी डॉलर-युरोत असते, दहा-पंधरा ठिकाणी पाठवलं तरी खिसा हलका होतो. म्हणून मागच्या तीन-चार वर्षांची निवड यादी उघडा, तुमच्या जातकुळीची फिल्म तिथे लागली आहे का बघा, मगच पैसे भरा. "ऑनलाइन अवॉर्ड" देणारे, दर महिन्याला विजेते जाहीर करणारे जे फेस्टिव्हल असतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. पोस्टरवर ते लॉरेल (पानांच्या वेलीची फेस्टिव्हलची चिन्हं) छान दिसतात, पण खरेदीदार त्यांना काडीची किंमत देत नाही.

घरच्या फेस्टिव्हलमध्ये जानेवारीतला पुण्याचा पिफ, ज्यात मराठी फिल्म्सची वेगळी स्पर्धा असते, मुंबईचा थर्ड आय, छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ, कोल्हापूरचा किफ. इथे प्रीमियरपेक्षा माणसं मोलाची. शो संपल्यावर दाराशी उभं राहा, जे थांबून बोलतात त्यांचे नंबर घ्या, गावाप्रमाणे यादी करा, ही यादी पुढे थिएटरच्या वेळी सोन्यासारखी कामाला येते.

आणि गोवा. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत होतो आणि त्याच्यासोबत एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार २००७ पासून, २०२५ मध्ये त्याचं नाव वेव्ह्ज फिल्म बाजार झालं. फिल्म पूर्ण झाली असेल किंवा रफ कट असेल तर व्ह्यूइंग रूमला अर्ज करा. तिथे खरेदीदार आणि फेस्टिव्हलचे प्रोग्रामर बूथमध्ये बसून फिल्म बघतात, आणि कोणी बघितली ते तुम्हाला समजतं. नुसतं कार्ड वाटत फिरण्यापेक्षा ज्यांनी बघितलीये त्यांना त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज करा आणि भेट मागा. एडिट लॉक व्हायच्या आधी वर्क-इन-प्रोग्रेस लॅबला (जिथे अपुऱ्या फिल्मवर जाणकार सल्ला देतात) निवड झाली तर फारच छान, पण त्यासाठी घाईघाईत कट पाठवू नका.

सेन्सॉर कधी करायचं

थिएटर, टीव्ही आणि जाहीर शो यांना सर्टिफिकेट लागतं. ओटीटीला कायद्याने लागत नाही, तिथे २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म स्वतः वर्गीकरण करतो, पण काही प्लॅटफॉर्म तरीही मागतात. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. २०२३ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यापासून यूए चे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, आणि सर्टिफिकेट आता कायमचं असतं. फिल्ममध्ये विडी, तंबाखू असेल (ऊसतोडीच्या फिल्ममध्ये असणारच) तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याचे स्पॉट आणि पडद्यावर इशारा हे आधीच मास्टरमध्ये बसवून घ्या.

तारखेचं एक महत्त्वाचं. राष्ट्रीय पुरस्कारासाठी फिल्म कुठल्या वर्षात मोडते ते सर्टिफिकेटच्या तारखेवरून ठरतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून सर्टिफिकेट घेतलं तर त्या वर्षाच्या पुरस्कारांना अर्ज करायला हातात फार थोडा वेळ राहतो, त्यापेक्षा फेस्टिव्हलचा प्लॅन समोर ठेवून वर्ष निवडा.

राज्य सरकारचं मराठी चित्रपट अनुदान इथेच लक्षात घ्या. परीक्षण समिती फिल्म बघून अ आणि ब असा दर्जा ठरवते आणि त्याप्रमाणे रक्कम मिळते, कारभार गोरेगावच्या चित्रनगरीतून चालतो. चालू जीआर काढून मुदत आणि अटी वाचा आणि शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून बिलं जपून ठेवा. फक्त एक विनंती, अनुदान येणारच असं धरून त्यावर कर्ज काढू नका, दर्जा मिळेलच असं नाही आणि मिळाला तरी पैसा कधी हातात येईल ते आपल्या हातात नसतं.

थिएटरचं गणित, आधी कागदावर

आता मुख्य विषय, इथे जरा थांबू. तिकीट १५० रुपये धरा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो काढला की नेट राहतं १२७. (१०० किंवा त्याखालच्या तिकिटाला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, सिंगल स्क्रीनला हा फरक मोठा पडतो.) हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ साली जो फॉर्म्युला ठरला त्यात नेटमधला निर्मात्याकडचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० आहे. हिशोबासाठी तोच धरू. म्हणजे पहिल्या आठवड्यात ६३ रुपये ५० पैसे. त्यातून डिस्ट्रिब्युटरचं कमिशन, समजा १५ टक्के. तुमच्या हातात ५४ रुपये. दीडशेतले चोपन्न!

समजा ५० स्क्रीनवर रोज एक शो लावलात आणि डिजिटल कंपनीची व्हर्च्युअल प्रिंट फी (तिची डिजिटल प्रोजेक्शन यंत्रणा वापरायचे पैसे), पोस्टर, होर्डिंग, सोशल मीडिया, प्रवास, पीआर मिळून १२ लाख खर्च आला. नुसता हा खर्च निघायला साधारण २२,२०० तिकिटं लागतात. आठवड्यात शो ३५०. म्हणजे प्रत्येक शोला, सोमवार दुपारच्या शोलासुद्धा, ६३-६४ माणसं. नवे चेहरे, गंभीर विषय, सांगा किती शक्य आहे? आणि अजून ७० लाखांतला एक रुपया आलेला नाही.

आता दुसरा प्लॅन. चार शहरं, आठ स्क्रीन, खर्च २ लाखात बसवला. तिकिटं लागतात ३,७००, शो ५६, म्हणजे दर शोला ६६. आकडा जवळपास तोच आला ना? पण ३,७०० माणसं तुम्ही यादीवरून, फोन करून, कॉलेजचा ग्रुप आणून, फिल्म सोसायटीला सांगून गोळा करू शकता. २२,००० नाही करता येत. आणि सगळं फसलं तरी बुडतात ते २ लाख. चाललं तर दुसऱ्या आठवड्यात शो वाढवायला मल्टिप्लेक्सवाला स्वतः तयार होतो, कारण त्यांचा प्रोग्रामिंग करणारा माणूस एकूण गल्ला बघत नाही, दर शोची भरती बघतो. लोक म्हणतात मराठीला शो मिळत नाहीत, ते खरंही आहे, दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये मराठीला शो द्यायचा असा सरकारी निर्णय २०१५ पासून आहे तरी मोठा हिंदी किंवा साऊथचा सिनेमा आला की आपले शो सकाळी साडेनऊला ढकलले जातात. त्यावर लहान फिल्मकडे एकच उत्तर असतं, पहिल्या तीन दिवसांत निवडक शो भरलेले दाखवणं. म्हणून ओळखीच्यांना "कधीतरी बघा" सांगू नका, "शनिवारी साडेसहा, कोथरूड" असं सांगा. ग्रुप बुकिंग शुक्रवार ते रविवार, सोमवारनंतरचं काही कामाचं नाही.

डिस्ट्रिब्युटरबरोबर व्यवहार साधारण तीन प्रकारे होतो. एमजी (मिनिमम गॅरंटी), म्हणजे तो ठरावीक रक्कम आधी देतो आणि धोका त्याचा; आपल्यासारख्यांना हे क्वचित मिळतं. अ‍ॅडव्हान्स, जो नंतर तुमच्या शेअरमधून वळता होतो. आणि कमिशन बेसिस, म्हणजे खर्च सगळा तुमचा, काम त्याचं. लहान मराठी फिल्मचं बहुतेक वेळा तिसऱ्यावरच ठरतं, वर फी वेगळी मागितली जाते. हरकत नाही, पण करारात या गोष्टी हव्यातच: खर्चाची कमाल मर्यादा आणि त्यापलीकडे तुमची लेखी परवानगी, रोजचा डीसीआर, म्हणजे थिएटरचा दिवसाचा कलेक्शन रिपोर्ट, तुम्हालाही मेलवर, सेटलमेंटची तारीख, हिशोब तपासायचा अधिकार, हक्क फक्त थिएटरचे, मुदत एक ते दोन वर्षं, आणि प्रदेशाचं नाव. "ऑल राइट्स, पर्पेच्युअल, वर्ल्डवाइड" हे शब्द दिसले की वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलायचं नाही. डीसीपी एन्क्रिप्टेड ठेवा आणि केडीएम (ती उघडायची डिजिटल चावी) कोणाच्या सांगण्यावरून निघेल तेही लिहून घ्या.

जुन्या वितरण सर्किटांत महाराष्ट्र तुटलेला आहे हेही माहीत असू द्या. पुणे-मुंबई मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये. मल्टिप्लेक्स आल्यापासून याला तितकी धार राहिली नाही, पण बीड किंवा परभणीच्या सिंगल स्क्रीनशी बोलताना अजूनही तिकडचा स्थानिक माणूस लागतो, पुण्याच्या ऑफिसातून ते होत नाही.

तारखेसाठी फेब्रुवारी-मार्च टाळा, घराघरात दहावी-बारावी असते. दिवाळी आणि मोठे वीकेंड मोठ्यांचे आहेत. माझं मत जून-जुलै किंवा ऑक्टोबरची सुरुवात, आणि आपल्या फिल्मला तर ऑक्टोबर सोन्यासारखा, कारण हंगाम सुरू होतोय आणि पेपरात ऊसतोडीच्या बातम्या असतात.

स्वतः दाखवणं

माझ्या मते आपल्या फिल्मचा खरा रस्ता हा आहे आणि याला दुय्यम समजू नका. एका शोची फी ठरवा, संस्थेला ६,००० धरा. वर्षात ६० शो झाले तर ३ लाख ६० हजार. थिएटरमध्ये तेवढे पैसे हातात यायला साडेसहा हजारांवर तिकिटं विकावी लागतात. इथे व्हर्च्युअल प्रिंट फी नाही, होर्डिंग नाही, आणि शोनंतर चर्चा होते ती वेगळीच. ज्यांच्याकडे पैसे नाहीत अशा गावांत फुकट दाखवा, त्याचा खर्च शहरातल्या एखाद्या देणगीदार शोवर टाका.

तयारी मात्र पक्की हवी. एन्क्रिप्टेड डीसीपी साध्या लॅपटॉपवर चालत नाही, म्हणून वॉटरमार्क केलेली एमपी-४ फाईल ठेवा, पेनड्राईव्हवर नको, तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्येच. स्टिरिओ मिक्स. हॉलचा प्रोजेक्टर आदल्या दिवशी बघून घ्या, कॉलेजच्या सेमिनार हॉलचे पडदे पातळ असतात आणि दुपारी दोन वाजता रात्रीचे सीन अजिबात दिसत नाहीत, शो संध्याकाळी ठेवा किंवा काळं कापड लावून घ्या. मैदानावर दाखवायचं असेल तर स्पीकरची स्थानिक परवानगी, जनरेटर आणि पावसाचा अंदाज. सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत जवळ ठेवा, जाहीर शो आहे. फाईल कोणालाही देऊन यायची नाही, प्राचार्य कितीही आग्रह करोत.

परदेशातली मंडळं याच प्रकारात धरा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाखाली शहरोशहरी मंडळं आहेत. गणपती आणि दिवाळीच्या आसपास त्यांचे कार्यक्रम आधीच ठरलेले असतात, म्हणून तीन-चार महिने आधी लिहा, मेलमध्ये ट्रेलर, लांबी, सबटायटल आहेत हे, आणि एका शोची फी. सबटायटलचा मुद्दा ठळक लिहा, तिकडच्या पुढच्या पिढीला सोबत घेऊन बसता येतं हे त्यांना हवं असतं.

ओटीटी आणि टीव्ही

ओटीटीवर तीन प्रकार. एक, ठरावीक रकमेला काही वर्षांचं लायसन्स. दोन, मिनिटांच्या किंवा तासांच्या हिशोबाने वाटा. तीन, प्रेक्षकाने भाड्याने घ्यायची. मोठे प्लॅटफॉर्म लहान निर्मात्याशी सहसा थेट बोलत नाहीत, मध्ये अ‍ॅग्रीगेटर (फिल्म्स गोळा करून प्लॅटफॉर्मना देणारा मध्यस्थ) असतो, तर त्याचा टक्का, त्याची मुदत आणि तो किती प्लॅटफॉर्मवर खरंच टाकणार हे विचारा. फिल्महबसारखे परदेशी अ‍ॅग्रीगेटर ८० टक्के निर्मात्याला देतात, पण मराठी फिल्मला तिकडे प्रेक्षक आपण स्वतः नेल्याशिवाय आकडा वाढत नाही. मराठीपुरते अल्ट्रा झकास आहे, मोठ्यांत झी-५ आणि जिओ हॉटस्टार, आणि प्रसार भारतीचं वेव्हज २०२४ च्या नोव्हेंबरपासून आहे. सगळ्यांना एकदम मेल टाकू नका. आधी फेस्टिव्हलची बातमी किंवा थिएटरमधल्या भरलेल्या शोचे आकडे हातात येऊ द्या, मग लिहा, नुसत्या लिंकला कोणी उत्तर देत नाही.

सॅटेलाइट हक्कांवर, म्हणजे टीव्हीच्या हक्कांवर, कधीकाळी मराठी फिल्मचा बराच खर्च निघायचा, ते दिवस गेले. चॅनल आता बहुतेक वेळा रिलीजचा गल्ला बघून बोलतात. ओटीटीवाला सॅटेलाइटही त्याच करारात मागेल, वेगळी रक्कम लिहिली नसेल तर देऊ नका. म्युझिक, रिमेक, डबिंग, विमानातले हक्क, नॉन-थिएट्रिकल, सगळ्यांची वेगळी ओळ. नॉन-थिएट्रिकल, म्हणजे आपले कॉलेज आणि गावातले शो, हे कुठल्याही करारात कायम स्वतःकडे राखून ठेवा, एक्सक्लुझिव्ह ओटीटी करारातसुद्धा त्यासाठी एक वाक्य घालून घेता येतं. यूट्यूब सगळ्यात शेवटी, तिथे फुकट गेली की बाकी दारं बंद.

आपल्या फिल्मचं वेळापत्रक

समजा फिल्म मार्चमध्ये तयार झाली. मार्च ते ऑक्टोबर परदेशी फेस्टिव्हल. नोव्हेंबरात गोवा. जानेवारीत पुणे, त्याच महिन्यात सेन्सॉर, म्हणजे पुरस्कारांसाठी पूर्ण वर्ष हातात. मग एप्रिल ते जून बीड, केज, माजलगाव, पाटोदा या बाजूला संस्थांबरोबर शो, कारण लोक गावात आलेले असतात, आणि त्या शोंचे फोटो, लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं (त्यांना विचारून), तीच पुढे आपली जाहिरात. जुलै-ऑगस्टमध्ये अनुदानाचा अर्ज, मंडळांना मेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार शहरांत आठ स्क्रीन. नोव्हेंबर ते जानेवारी फडाजवळच्या गावांत आणि कॉलेजांत. थिएटर आणि ओटीटीमध्ये किती अंतर ठेवायचं ते मल्टिप्लेक्सशी आधीच बोलून घ्या, साधारण फेब्रुवारीत ओटीटी.

थिएटर संपल्यावर डीसीआरची बेरीज आणि डिस्ट्रिब्युटरचं स्टेटमेंट शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवा, फरक असेल तर आठवड्याच्या आत लेखी विचारा, सहा महिन्यांनी विचारलं तर थिएटरकडे कागद मिळत नाहीत. आणि एक एक्सेल शीट करा: कुठला हक्क, कोणाला, कुठल्या प्रदेशासाठी, किती रकमेला, कुठल्या तारखेपर्यंत. शेवटच्या कॉलममधल्या प्रत्येक तारखेच्या तीन महिने आधीचा रिमाइंडर फोनमध्ये लावा, मुदत संपली की हक्क परत आल्याचं पत्र लेखी घ्या आणि प्लॅटफॉर्मवरून फिल्म उतरली का ते स्वतः जाऊन बघा, मगच पुढच्या खरेदीदाराशी बोला.